पडद्यावरचे गंध

श्रद्धेने केलेल्या कृतीतून दुसऱ्याची हानी झाली, तर तिचे परिमार्जन कोणी करावे? जिच्या हातून ती घडली तिने, जिची हानी झाली तिने, की जो जवळ उभा होता त्याने? पाठशाळेत प्रायश्चित्ताचे प्रकरण चालू असताना आम्ही विद्यार्थी या प्रश्नावर भोजनाची वेळ टळेपर्यंत वाद घालत असू. गुरुजी शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "ग्रंथात सर्व आहे रे; ते घरात आणून दाखवणारे माणूस मात्र विरळा." तसे माणूस मला उतारवयात भेटले. ते आमच्याच घरात वावरत होते, आणि मी त्याला ओळखले ते एका खंडेनवमीच्या दिवशी.

"अगंबाई! हे काय होऊन बसलं!"

माझ्या थोरल्या बहिणीचा, गोदाताईचा तो आवाज. दसऱ्यासाठी ती आमच्याकडे कऱ्हाडला आली होती. मी बाहेर दाराला झेंडूचे तोरण बांधत होतो. ते अर्धवट लोंबकळत सोडून मी आतल्या खोलीत गेलो.

ती खोली आमच्या सुनेची, केतकीची. माणदेशातील गावांच्या पाणलोटाचे नकाशे करणाऱ्या एका संस्थेचे काम ती घरी बसून करी. आकाशातून घेतलेली छायाचित्रे संगणकावर उघडून त्यांतून ओढे, नाले आणि बांध ती रेषेरेषेने उतरवून काढी. त्या रेषा केसाइतक्या बारीक. त्यासाठी तिने संगणकाचा एक मोठा, फार चांगल्या प्रतीचा पडदा घेतला होता. एरवी कशाचाही बाऊ न करणारी ही मुलगी त्या पडद्याला मात्र जपे. संध्याकाळी काम संपले, की त्यावर सुती आच्छादन घालून मगच उठे.

त्या पडद्याच्या मधोमध आता ओल्या अष्टगंधाचा टिळा होता. टिळ्यापासून एक जाड, पिवळसर केशरी फराटा तिरका ओघळत खालच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. त्यावर हळदकुंकू सांडले होते, अक्षता चिकटल्या होत्या. समोर माझी पत्नी द्वारका उभी होती. डाव्या हातातील तबक कलंडले होते, आणि ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

त्या हाताविषयी येथे सांगितले पाहिजे. चैत्रात द्वारकेला अर्धांगाचा झटका आला. पावसाळा सरेपर्यंत वाचा परतली, पायही चालू लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "हात वापरात राहिला तर येईल, नाही तर आहे असाच राहील." व्यायाम करून घेणारा तरुण घरी येई. रबरी चेंडू तिच्या मुठीत देऊन तो म्हणे, "जोर लावा काकू, अजून जोर!" मीही तेच म्हणे, आणि फोनवरून मुलगा श्रीरंगही तेच म्हणे. तो गोव्याला जहाजांच्या कारखान्यात नोकरीला असतो. चेंडू कधी दबला नाही. मग एके दिवशी तिने तो गोधड्यांच्या मागे टाकून दिला आणि त्या तरुणाला "उद्यापासून येऊ नका बाबा" असे गोड शब्दांत सांगितले. देवाला गंध लावणेही तिने सोडले होते. "उजवा उठत नाही, आणि डाव्यानं लावायचं नाही," एवढेच ती म्हणाली. त्यामुळे पूजा माझ्याकडे आली होती.

"अहो," ती मला म्हणाली, "मी मुद्दाम उजव्यानं लावलं. विळी, कात्री, शिवणयंत्र, सगळ्यांना तुम्ही लावलंत सकाळी. म्हटलं, हे केतकीचं हत्यार. याला तरी आपण लावावं. बोट टेकलं हो नीट. मग हात घसरला नि आवरेचना."

"असू दे. पुसता येईल," मी म्हणालो.

तिने तबक खाली ठेवले, उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि पदराखाली घेतला. "झालं ते झालं. आता हा हात कशाला म्हणून लावायची नाही मी."

ती रडली असती, तर मला इतके भय वाटले नसते. घरातील एखादे जुने भांडे मोडीत काढताना बोलावे, तशा शांतपणे ती बोलली होती. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. हा हात आज पदराखाली गेला, तो तेथेच राहणार, हे मला स्पष्ट दिसले. 

गोदाताईला असली शांतता सोसत नाही. तोवर ती स्वयंपाकघरातून काचा पुसण्याच्या निळ्या पाण्याची बाटली, वर्तमानपत्राचा बोळा आणि माझा पंचा घेऊन आली होती.

"सरक रे विसू, पुतळ्यासारखा उभा राहू नकोस. काच ती काच! दोन फवारे मारले की लख्ख."

"ताई, जरा थांब. केतकीला येऊ दे."

"तिला दिसायच्या आत निघालं पाहिजे ना ते!" म्हणत तिने पंचा खालच्या कोपऱ्यावर दाबून खसकन ओढला. कुंकवाचे कण करकरले. बाटली उचलून तिने नेम धरला, आणि दारातून आवाज आला.

"आत्या, नको!"

केतकी बाजारातून परतली होती. एका हातात फुलांची पिशवी, दुसऱ्या हातात आपट्याच्या डहाळ्या. दोन्ही दारातच ठेवून ती आत आली आणि पडद्याकडे वळूनही न पाहता आधी भिंतीकडे गेली. बटण बंद केले, तार ओढून काढली. गोदाताईच्या हातातील बाटली हळूच काढून घेतली. मग कोठे तिने पडद्याकडे पाहिले.

आयुष्यभर मुलांना शिकवल्याने मला चेहरे वाचता येतात. तिच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उतरला. दसरा उलटताच सकाळी काही गावांचे नकाशे तिला द्यायचे होते. त्यासाठी ती गेले कित्येक दिवस मान मोडून बसली होती. पण तो रंग परत आला, आणि तिने वळून सासूकडे पाहिले.

"केतकी, मी नासवलं गं तुझं," द्वारका म्हणाली.

"नासलं की नाही, ते मागून पाहू." तिची दृष्टी क्षणमात्र पदराखालच्या हातावर थांबली. "गंध तुम्ही लावलंत आई? उजव्यानं?"

"हो. तीच तर चूक झाली."

 केतकीने आपली चाकांची खुर्ची ओढली, सासूला तीत बसवले, बरोबर पडद्यासमोर, आणि म्हणाली, "आता आधी चहा घेऊ या सगळ्यांनी."

"चहा?" गोदाताई ओरडली. "घराला आग लागली नि ही म्हणे चहा घेऊ!"

"स्क्रीन सकाळपासून चालू होता आत्या, तापलाय. तापल्या तव्यावर पाणी मारलं तर काय होतं?"

"चर्र होतं."

"मग? निवू दे. तोवर आलं घालून चहा."

चहा झाला. गोदाताई बशीत फुंकर घालता घालता पडद्याकडे असे पाहत होती, की जणू तो आता चर्र करून तडकणार आहे. द्वारकेने डाव्या हाताने कप उचलला. उजवा पदराआडच होता. मी केतकीकडे पाहत होतो. ती काहीतरी मनाशी जुळवत होती, एवढे कळत होते.

कप उचलून नेल्यावर ती सामान जमवू लागली. तिच्या जुन्या रंगपेटीतला एक रुंद, मऊ केसांचा कुंचला. माझ्या चष्म्याच्या डबीतले फडके. मग गोदाताईपुढे हात पसरून, "आत्या, तुमच्याही डबीतलं द्या."

"घ्या! आता माझं फडकंही गेलं. पदरानं पुसू का मी चष्मा?"

"पदरानंच तर पुसता तुम्ही. फडकं बघा, कसं नवं कोरं आहे."

मी हसलो. द्वारकेच्याही ओठांची कड हलली. केतकीने पलंगावरची लहान उशी मेजावर मांडली, पडद्याखाली जुने वर्तमानपत्र पसरले आणि बाहेरून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली.

"हे कशाला?" गोदाताईने विचारले. "देवघरात गंगाजल आहे, ते घे की."

"यात क्षार नसतात आत्या. साधं पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात. नि ते निळं पाणी खिडकीला ठीक. इथे वरचा लेपच खातं. हा काचेचा नाहीच मुळी. वर पातळसा पापुद्रा आहे नि मागे सगळं लोण्यासारखं नाजूक."

"गंगाजल चालत नाही, बॅटरीचं पाणी चालतं!" गोदाताईने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "विसू, कलियुग कलियुग म्हणतोस ना, ते हेच बघ."

सारे साहित्य एका तबकात मांडून केतकीने ते द्वारकेपुढे ठेवले. पूजेची तयारी मांडावी, तसेच.

"घ्या आई."

"मी?" द्वारका म्हणाली.

"तुम्हीच."

 गोदाताई उसळली. "अगं, आजारी माणूस ते! देवाधर्माचं करायला गेली नि हात घसरला, म्हणून तिच्याकडूनच निस्तरून घेणार होय? आमच्या वेळी सासवा असं करायच्या. आता सुना करायला लागल्या?"

 मलाही ते कठोर वाटले, हे मी लपवीत नाही. ती मुलगी मनाने वाईट नव्हती. पण चांगल्या माणसाचाही कधी तोल जातो, तसे काही झाले असावे, असे मनात आले. मी पुढे झालो. "केतकी, मी पुसतो. कसे ते सांग."

"अण्णा, तुमचा हात ताम्हण घासायचा. तुम्ही देवसुद्धा असे घासता, की बिचाऱ्या बाळकृष्णाचं नाक गेलं."

"हे मात्र खरं हो," द्वारका हळूच म्हणाली.

"मग तू पूस," मी म्हणालो.

"माझ्या हाताचं तर नावच नको. माळ्यावर जुना स्क्रीन आहे ना, त्यावर मधोमध पांढुरका ढग आहे. तो माझा पराक्रम. डाग निघेना म्हणून जोरात घासलं. डाग गेला, नि त्याबरोबर वरचा लेपही गेला. तेव्हापासून मी दर खेपेला जीव मुठीत धरून पुसते. या कामाला हलका हात लागतो, अण्णा. तो मला नाही."

द्वारका तबकाकडे पाहत होती. "डाव्यानं केलं तर?"

 केतकी माझ्याकडे वळली. "अण्णा, निर्माल्य कोणत्या हातानं काढतात?"

प्रश्न अनपेक्षित होता. जे ठाऊक होते ते मी सांगितले. "उजव्याच. आमच्याकडची रीत अशी, की अनामिकेने गंध लावावे, आणि निर्माल्य उतरवताना अंगठा व तर्जनी."

"ऐकलंत आई? गंध ज्या हातानं चढलं, त्याच हातानं उतरायला हवं."

 माझी पत्नी शास्त्रापुढे वाद घालणारी नव्हती, आणि केतकीला हे माझ्याइतकेच ठाऊक होते. अखेर पदर हलला. उजवा हात बाहेर आला आणि मांडीवर पडून राहिला. केतकीने तो उचलला नाही. तिने फक्त उशी थोडी पुढे सरकवली. "कोपर यावर टेकवा, म्हणजे हात उचलून धरायला नको."

कोपर टेकले. कुंचला अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये आला. कुंचल्याचे टोक पडद्याजवळ गेले, आणि ते थरथरू लागले.

"कापतोय गं."

"कापू दे. केस मऊ आहेत. कापला तर कुंकवाचा रवा उलट सुटाच होईल. आधी कोरडं कुंकू नि अक्षता खाली पाडायच्या, मग पाणी. रवा तसाच ठेवून पुसलं की ओरखडे. वरून खाली या. परत वर न्यायचं नाही."

कुंचला पडद्याला लागला. तो कंप थांबला नाही; पण त्या कंपानेच कुंकवाचे कण सुटू लागले आणि खालच्या कागदावर बारीक तांबडी रांगोळी पडू लागली. एक अक्षता निसटली, तिच्यामागून दुसरी. गोदाताईने पुढे वाकून पाहिले आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "पडतंय की हो." मग एकदम मोठ्याने, "तो बघ, वर डावीकडे एक दाणा राहिला, द्वारके!"

"दिसला वन्सं. घाई नको."

हे 'घाई नको' मी कित्येक महिन्यांनी ऐकले. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होते, तेव्हा दिवसातून कितीतरी वेळा ते ऐकू येई.

आता फडके. केतकीने त्यावर त्या पाण्याचे थोडे थेंब घातले आणि ते असे पिळले, की गोदाताई म्हणाली, "अगं, कोरडंच झालं ते."

"एवढंच हवं. पाणी फडक्याला द्यायचं, स्क्रीनवर नाही. एक थेंब ओघळला नि कडेतून आत शिरला, की संपलं."

फडक्याची चौकोनी घडी करून तिने ती सासूच्या तळव्याखाली ठेवली. द्वारकेने तळवा पडद्याला लावला आणि विचारले, "दाबू?"

"नाही. दाबायचंच नाही."

"मग?"

"नुसता हात ठेवा नि खाली येऊ द्या. त्याच्या त्याच्या वजनानं येईल, तेवढाच."

तो हात खाली येऊ लागला. मी पुष्कळ मूर्तींना स्नान घातले आहे, आणि फार थोर हातांनी ते घातलेले पाहिले आहे. त्या हातांत विधी असतो, अभ्यास असतो, कधी थोडा अभिमानही असतो. या हातात यांतले काहीच नव्हते. वाऱ्याने हलणारे पान पाण्यावरून सरकत जावे, तसा तो त्या काळ्या पृष्ठावरून उतरला. मागे टिळ्याची कड पुसट झाली होती.

"पुन्हा," केतकी म्हणाली. 

पुन्हा वरून खाली, आणि पुन्हा. फराटा विरळ होत गेला. फडके केशरी झाले.

"घडी बदलायला हवी, नाही तर निघालेलं परत तिथेच लागेल," असे म्हणून केतकीने हात पुढे केला. पण द्वारका कामात गुंतली होती. तिने फडके आपल्याकडे ओढले, उजव्या हाताचा अंगठा घडीत सारला, तर्जनीने कड उलटली आणि स्वच्छ बाजू वर घेऊन ती पुन्हा पडद्याकडे वळली. आपण काय केले, हे तिच्या ध्यानातही आले नाही. जो हात चेंडू दाबू शकला नव्हता, त्याने कापडाची घडी उलटली होती.

गोदाताईने पाहिले. तिचे तोंड उघडले. केतकीने तिच्या मनगटावर बोटे ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आत्या, पुरणाची डाळ गॅसवर आहे का हो?"

"डाळ? अगं, डाळ कुठे..." गोदाताई थांबली. तिने केतकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग पदर तोंडाला लावून, "हो हो, पाहते," म्हणत नसलेल्या डाळीकडे निघून गेली. ती फार बोलते; पण कळायचे ते तिला वेळेवर कळते.

शेवटी कोरडे फडके फिरले आणि पडदा काळाभोर, स्वच्छ दिसू लागला. केतकीने तिरके होऊन उजेडात पाहिले. खालच्या कोपऱ्यात केसासारखी एक रेघ उमटली होती. पंचा जेथे ओढला गेला होता, तेथेच ती होती. गोदाताई परत आली होती. तिलाही ती दिसली.

"ही रेघ गं कसली?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"ती होय? जुनीच असेल, माझी," केतकी म्हणाली आणि आच्छादनाची घडी उलगडू लागली. "आता जेवणं होईपर्यंत वाळू दे. तोवर कुणी तार लावायची नाही."

जेवणानंतर तिने तार जोडली आणि पडदा उजळला. त्यावर माणदेशातील कुठलेसे गाव होते. करड्या रानातून निळ्या रेषांचे जाळे पसरलेले.

"हे काय?" द्वारकेने विचारले.

"ओढे. पावसाळ्यात यांतून पाणी वाहून जातं. कुठं अडवायचं, ते यावरून ठरतं."

"एवढे बारीक? तुला दिसतात?"

"स्क्रीन स्वच्छ असला की दिसतात."

द्वारका त्या रेषांकडे पाहत राहिली.

दुपारी गोदाताईचा डोळा लागला. केतकी गॅलरीत बसून माझे अर्धवट राहिलेले तोरण पुरे करीत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"केतकी, एक विचारू? हात जड आहे म्हणालीस. पण गेल्या रविवारीही तूच तो पडदा पुसताना मी पाहिले. तू ते सहज करू शकली असतीस."

तिने सुईत दोरा ओवला. "केलं असतं, अण्णा. आईंना बाहेर बसवून, त्यांचा चहा संपायच्या आत."

"मग नकाशांचे काम टांगणीला लावून हे का?"

तिने एक फूल ओवले. "अण्णा, चैत्रापासून आपण सगळे त्यांना एकच सांगतोय, जोर लावा. डॉक्टर, तो व्यायामवाला, श्रीरंग, तुम्ही. मीही. त्यांच्याजवळ जे उरलं नाही, नेमकं तेच रोज उठून मागायचं. त्यांनी तरी किती दिवस नाही म्हणायचं? मी कधीची घरात शोधत होते, की जोर लावला तर बिघडेल असं एखादं काम आहे का. भाजी निवडणं पाहिलं, वाती पाहिल्या. वातीलासुद्धा पीळ द्यायला जोर लागतो. हा स्क्रीन रोज डोळ्यांपुढे होता, पण सुचला नाही. आज त्यांनी आपणहून त्याला हात लावला, तेव्हा सुचला."

"आणि बिघडला असता तर?"

"भीती वाटत होतीच. त्यांनी फडकं टेकवलं, तेव्हा मी मेजाखाली मूठ आवळून बसले होते. बिघडला असता तर नकाशे उशिरा गेले असते, बोलणी खाल्ली असती. ती खाता येतात." ती हसली. "आत्यांचं बोलणं नाही का खाल्लं?"

"मलाही तू कठोर वाटलीस."

"कळलं मला. तुमच्या कपाळावर लिहिलेलं असतं सगळं, अण्णा."

मी काही बोलणार, तोच आतून हाक आली.

"केतकी! अगं, इकडे ये जरा."

आम्ही दोघेही उठलो. द्वारका चाकांच्या खुर्चीत, पडद्यासमोर बसली होती. आपली आपण जाऊन बसली होती. कोपर उशीवर होते आणि उजव्या हाताची तर्जनी पडद्याच्या कोपऱ्याकडे रोखलेली.

"इथे अजून पिवळं दिसतंय. हळद बसली वाटतं."

केतकीने वाकून पाहिले. "अगदी पुसटसं आहे आई. कामाला नाही आड येत. राहू द्या, उद्या पाहू."

"उद्या कशाला? ते बटण बंद कर नि निवू दे." आणि तो हात, तळवा वर करून, पुढे आला. "फडकं दे इकडे. आणि वन्संना उठवू नकोस, त्या घासतील."

त्यानंतर दर आठवड्याला तो पडदा द्वारकाच पुसत असे. हाताला पूर्वीचे बळ आले नाही, चेंडूही कधी दबला नाही. पण दिवाळीपासून देवांचे गंध तिने माझ्याकडून परत मागून घेतले, आणि शेवटच्या आजारापर्यंत ते तिच्याच अनामिकेने लागत राहिले. हळदीचा तो पुसट डाग पुरता गेला नाही. माणदेशातील त्या गावांत बांध झाले, पाणी अडले, असे केतकी सांगते.

द्वारका जेथे असेल तेथे सुखात असो. गोदाताईला तिच्या उबदार, जड हातांसह आणखी पुष्कळ दसरे दिसोत. आणि केतकी, तुझे कल्याण होवो, बाळ; तुझ्या अशक्तपणाच्या दिवसांत तुला तुझ्यासारखेच माणूस जवळ लाभो.